आयसी ३४२, आकाशगंगेच्या धुळीआडची शेजारीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर थंडीत आकाश बघायला जायचे प्लॅन ठरायला लागले की हे प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच बसून सगळी उत्तरं लिहून काढली. ही माझी सगळ्यात आवडती दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह) आहे हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे काही उत्तरं गरजेपेक्षा लांबली असतील तर सांभाळून घ्या.

आयसी ३४२ म्हणजे नक्की काय?

एक मोठी सर्पिल दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच. साधारण १ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे दीर्घिकांच्या हिशोबात अगदी शेजारच्या गल्लीत. आपल्याकडे तोंड करून बसलीय म्हणा ना, थाळी वरून बघावी तशी, त्यामुळे तिचे सर्पिल बाहू पूर्ण उलगडलेले दिसतात. आकाशात तिचा आकार जवळपास २१ कलांचा आहे (कला म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग), पौर्णिमेचा चंद्र ३० कलांचा असतो, म्हणजे चंद्राच्या दोन तृतीयांश रुंदीची वस्तू आपल्या डोक्यावर आहे आणि बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

मग एवढी मोठी आणि एवढी जवळची असून प्रसिद्ध का नाही?

कारण ती धुळीआड आहे. आपण स्वतः आकाशगंगेच्या चपट्या तबकडीच्या आत बसलोय आणि त्या तबकडीत तारे आहेत तशी धूळही आहे. तबकडीच्या वर किंवा खाली बघितलं तर आकाश स्वच्छ, पण तबकडीच्या कडेकडे बघायला गेलं की हजारो प्रकाशवर्षं जाडीची धूळ मध्ये येते. आयसी ३४२ त्या आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फक्त साडेदहा अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे पट्ट्याच्या मध्यरेषेपासून जेमतेम एक मूठ. तिथली धूळ एकदम काळीकुट्ट नाही पण बऱ्यापैकी दाट आहे.

तुलना करायची तर सप्तर्षींच्या भागातली एम८१ ही दीर्घिका घ्या. ती जवळपास तेवढ्याच अंतरावर, किंबहुना थोडी लांबच, १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. पण ती स्वच्छ आकाशात आहे म्हणून बायनॉक्युलरमधून दिसते आणि सगळ्या पुस्तकांत तिचा फोटो असतो. नशीब जागेचं असतं हे दीर्घिकांनाही लागू.

कोणी शोधली?

ब्रिस्टलचे विल्यम फ्रेडरिक डेनिंग यांनी, १८९०च्या दशकात. डेनिंग हे हौशी निरीक्षक होते आणि त्यांची मुख्य ओळख उल्कांचा अभ्यास करणारे म्हणून. नंतर १८९५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांनी आधीच्या मोठ्या कॅटलॉगला (एनजीसी म्हणतात तो) पुरवणी म्हणून इंडेक्स कॅटलॉग काढला, त्यात हिला ३४२ नंबर मिळाला. आयसी म्हणजे तेच इंडेक्स कॅटलॉग. मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध यादीत ती नाही. ब्रिटिश खगोल-लेखक पॅट्रिक मूर यांनी १९९५ मध्ये हौशी लोकांसाठी कॅल्डवेल यादी काढली त्यात मात्र ती पाचव्या नंबरवर आहे, म्हणून ऍपमध्ये शोधताना आयसी ३४२ सापडली नाही तर कॅल्डवेल ५ टाकून बघा.

ही धूळ म्हणजे आपल्या घरात कपाटावर साचते तशी का?

नाही हो. घरातल्या धुळीपेक्षा खूपच बारीक, सिगरेटच्या धुराच्या कणांएवढी म्हटलं तर जास्त बरोबर. कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, सिलिकेटचे म्हणजे वाळू-दगडाच्या जातीचे, आणि काही कार्बनचे, काजळीसारखे. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत आणि ताऱ्यांच्या स्फोटांत यांचा कच्चा माल तयार होतो. ही धूळ इतकी विरळ आहे की पृथ्वीवर आपण त्याला चक्क निर्वात म्हणू, पण हजारो प्रकाशवर्षं सलग पसरली की तिचा पडदा होतो.

आणि हे खूप उशिरा कळलं बरं का. ताऱ्यांमधली जागा रिकामी असते असंच जवळपास सगळे धरून चालले होते. १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांचा अभ्यास करून दाखवलं की लांबचे गुच्छ त्यांच्या अंतराच्या मानाने जास्तच मंद दिसतात, म्हणजे मध्ये काहीतरी प्रकाश खातंय. आयसी ३४२ सापडली तेव्हा तिच्यासमोर पडदा आहे ही गोष्टच कुणाला नीट माहीत नव्हती.

किती प्रकाश अडतो?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात दीड ते दोन प्रतींएवढा. प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं माप, एका प्रतीचा फरक म्हणजे अडीच पट, आणि आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी. त्यामुळे दीड-दोन प्रती म्हणजे तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येईस्तोवर चौथा ते सहावा हिस्साच उरतो. निळ्या रंगात नुकसान अजून जास्त, अवरक्तमध्ये (इन्फ्रारेड, लाल रंगाच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश) खूपच कमी.

धूळ नसती तर साध्या डोळ्यांनी दिसली असती का?

बऱ्याच ठिकाणी "हो दिसली असती" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. धूळ काढून टाकली तर तिची प्रत ७ च्या आसपास, फार तर त्याहून थोडी तेजस्वी होईल, आणि हा प्रकाश एका बिंदूत नसून चंद्राच्या दोन तृतीयांश रुंदीत पसरलेला असेल. एकदम काळोख्या जागी, मुरलेल्या निरीक्षकाला जाणवली असती कदाचित, तुम्हाआम्हाला नाही. पण बायनॉक्युलरमधून मस्त दिसली असती, छोट्या दुर्बिणीतून बाहूंची चाहूल लागली असती, आणि मेसिएच्या यादीत ती नक्की असती यावर मी पैज लावायला तयार आहे.

फोटोत ती पिवळसर-तांबूस का दिसते?

पुन्हा धूळच. निळा प्रकाश जास्त अडतो, विखुरतो, आणि तांबडा त्या मानाने पार होतो. सूर्य मावळताना लाल होतो तसलाच प्रकार, फक्त इथे हवेच्या जागी धूळ. खरं तर आयसी ३४२ चे बाहू तरुण निळ्या ताऱ्यांनी भरलेत, पण आपल्याला तिचा चेहरा पिवळ्या काचेतून बघितल्यासारखा दिसतो. फोटो प्रोसेस करणारे लोक रंग दुरुस्त करून निळेपणा परत आणतात, आणि या केसमध्ये ते खोटं नाहीये, उलट खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

तिचं अंतर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं का दिलेलं असतं? कुठे ७० लाख, कुठे १ कोटी १० लाख?

मला विचाराल तर यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. लोकांना वाटतं धूळ फक्त लपवते. धूळ त्यापेक्षा वाईट काम करते, ती अंतर चुकवते.

असं समजा की पावसाळ्यात तुम्ही माळशेज घाटातून चाललाय, धुकं आहे, आणि समोर एक मंद दिवा दिसतोय. तो दिवा मंद का आहे? लांब आहे म्हणून, की जवळच आहे पण धुकं दाट आहे म्हणून? नुसत्या मंदपणावरून सांगताच येत नाही. धुकं किती दाट आहे हे आधी माहीत पाहिजे तरच अंतर सांगता येतं, आणि धुक्याचा अंदाज चुकला की अंतर पण चुकलं. आयसी ३४२ च्या बाबतीत अगदी हेच झालं. धूळ जास्त धरली की ती जवळ येते, कमी धरली की लांब जाते. एक प्रत इकडची तिकडे झाली की अंतर जवळपास १.६ पटीने बदलतं, छोटी चूक नाही ही.

१९९० च्या आसपासच्या काही कामांत तिचं अंतर ६०-७० लाख प्रकाशवर्षं यायचं, आणि जुन्या पुस्तकांतून, जुन्या वेब पेजेसवरून तो आकडा अजून फिरतोय. मग २००२ मध्ये अभिजित साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातले सेफिड तारे शोधले. सेफिड म्हणजे ठरावीक तालात कमीजास्त होणारे तारे, ताल मोजला की ताऱ्याची खरी तेजस्विता कळते, आणि वेगवेगळ्या रंगांत बघितलं तर मध्ये किती धूळ आहे तेही काढता येतं. घाटातल्या धुक्यापेक्षा इथे आपली सोय एवढीच की धुकं सगळे रंग सारखेच फिके करतं, पण ही धूळ निळा जास्त खाते, म्हणजे चोर आपल्या पायाचे ठसे ठेवून जातो. त्या कामातून अंतर १ कोटी ७ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आलं. नंतर तिच्यातल्या लाल राक्षसी ताऱ्यांची (म्हातारपणी फुगून लाल झालेले तारे) कमाल तेजस्विता मोजून थोडं अजून लांब, १ कोटी १० लाखांच्या आसपास आलं. दोन वेगळ्या पद्धती जवळजवळ एकाच आकड्यावर आल्या म्हणून आता या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि अंतर बदललं की सगळंच बदलतं हे लक्षात घ्या. दीर्घिका किती मोठी, तिच्यात वस्तुमान किती, तारे किती वेगाने जन्मतात, सगळे आकडे अंतरावर लटकलेले असतात. आत्ताच्या अंतराने तिचा व्यास ६० हजार प्रकाशवर्षांच्या वर जातो. जुनं अंतर धरलं असतं तर ती एक मध्यम दीर्घिका ठरली असती.

हबल यांनी तिला आपल्या लोकल ग्रुपमध्ये धरलं होतं हे खरं का?

हो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना ती आपली आकाशगंगा, देवयानी दीर्घिका, एम३३ यांच्या छोट्या कुटुंबातलीच असावी असं वाटलं होतं. नंतर कळलं की ती कुटुंबाच्या बाहेर, शेजारच्या घरात राहते. यात हबल यांना कमी लेखायचं कारण नाही, ट्रम्पलर यांच्या शोधाला जेमतेम काही वर्षं झाली होती आणि धूळ मोजायची साधनंच नव्हती.

मॅफे १ आणि मॅफे २ या दीर्घिका तिच्याच ग्रुपमधल्या ना?

आता नाही म्हणायचं. पावलो मॅफे या इटालियन खगोलशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये अवरक्त प्रकाशाला संवेदनशील फोटो प्लेटवर शर्मिष्ठेच्या भागात दोन डाग बघितले. त्या दोन दीर्घिका निघाल्या, पहिली लंबवर्तुळाकार, दुसरी सर्पिल. त्या तर आकाशगंगेच्या पट्ट्याच्या अगदी मधोमध आहेत, मॅफे २ चा दृश्य प्रकाश शंभर पटीहून जास्त कमी होऊन आपल्याकडे येतो. आकाशात त्या आयसी ३४२ च्या बऱ्यापैकी जवळ दिसतात आणि अंतरही तेवढंच वाटायचं, म्हणून वर्षानुवर्षं "आयसी ३४२/मॅफे समूह" असं जोडनाव चालत आलं.

मग २०१९ मध्ये हबल टेलिस्कोपच्या फोटोंवरून मॅफे जोडीतले लाल राक्षसी तारे एकेक करून मोजले गेले आणि त्यांचं अंतर निघालं १ कोटी ८० लाख प्रकाशवर्षांच्या वर! म्हणजे आयसी ३४२ पेक्षा ७०-८० लाख प्रकाशवर्षं मागे. एकाच रांगेत उभे दिसणारे दोघेजण, एक पुढच्या चौकात आणि एक पार गावाच्या वेशीवर. आयसी ३४२ भोवती तिच्या स्वतःच्या लहान दीर्घिका आहेत, एनजीसी १५६० ही त्यातली एक. पण मॅफेवाल्यांशी नातं जोडायला आता आधार उरलेला नाही, आणि पूर्वी या दीर्घिका आपल्या लोकल ग्रुपमधून हिसडा बसून बाहेर फेकल्या गेल्या असाव्यात अशी जी कल्पना मांडली जायची तीही या अंतरांमुळे बाद होते.

धुळीतून पलीकडचं बघतात कसं?

प्रकाश बदलून. धुळीचे कण ज्या लांबीच्या लहरींना अडवतात त्यापेक्षा लांब लहरी घेतल्या की त्या कणांना वळसा घालून निघून येतात. अवरक्तमध्ये, दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, दृश्य प्रकाशाच्या मानाने धुळीचा अडथळा साधारण दहाव्या हिश्शावर येतो. रेडिओ लहरींना तर धूळ जाणवतच नाही. आणि दुसऱ्या टोकाला, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण पण धूळ भेदून येतात.

अजून लांबच्या अवरक्तमध्ये एक वेगळीच गंमत होते. तिथे आयसी ३४२ ची स्वतःची धूळ चमकायला लागते, कारण तिच्या बाहूंमधली धूळ ताऱ्यांनी कोमट केलेली असते. स्पिट्झर आणि वाइज या अवकाश दुर्बिणींनी घेतलेले तिचे फोटो बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. जी धूळ आपल्या बाजूला वैरीण, तीच तिकडे रांगोळी.

युक्लिड या अवकाश दुर्बिणीने फोटो काढला होता तो हिचाच का?

हो, ७ नोव्हेंबर २०२३ ला युरोपियन स्पेस एजन्सीने युक्लिड दुर्बिणीचे पहिले पाच रंगीत फोटो जाहीर केले, त्यातला एक आयसी ३४२ चा. जुलै २०२३ मध्ये उडालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आरसा १.२ मीटरचा. आरसा फार मोठा नाही पण एका दमात आकाशाचा मोठा तुकडा बघता येतो. इतक्या मोठ्या आकाराची दीर्घिका हबलच्या नजरेत एकदम मावत नाही, तुकडे तुकडे जोडावे लागतात, युक्लिडमध्ये ती अख्खी मावली आणि तरी एकेक तारा सुटा दिसतो. तो फोटो पहिल्यांदा मोठा करून बघितला तेव्हा मी अर्धा तास फोन खाली ठेवला नव्हता.

युक्लिडचा मुख्य सर्व्हे मात्र आकाशगंगेचा धुळीचा पट्टा मुद्दाम टाळतो, त्यामुळे हा फोटो खास काढलेला समजा.

रेडिओत धूळ आड येत नाही तर रेडिओत सगळं सोपं असेल ना?

नाही, तिथे वेगळी अडचण. हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि दीर्घिका जितक्या वेगाने लांब जात असेल तितकी ती लहर ताणली जाते, त्यावरून आपला वायू कुठला आणि तिचा कुठला हे वेगळं करतात. पण आयसी ३४२ आपल्यापासून फक्त सेकंदाला ३१ किलोमीटर वेगाने लांब जाताना दिसते. आपल्या आकाशगंगेतल्या वायूचे वेगही याच टापूत, त्यात ही स्वतःभोवती फिरतेय, त्यामुळे तिची एक बाजू आपल्या वायूच्या सिग्नलमध्ये मिसळून जाते. दृश्य प्रकाशात धुळीने गोंधळ घातला आणि रेडिओत आपल्याच हायड्रोजनने.

हा ३१ आकडा सुद्धा फसवा आहे. सूर्य आकाशगंगेभोवती फिरता फिरता सध्या बराचसा तिच्या दिशेने चाललाय, सेकंदाला साधारण दीडशे किलोमीटर वेगाने. तो हिशोब धरला तर दोन दीर्घिकांमधलं अंतर प्रत्यक्षात सेकंदाला दीडशे किलोमीटरच्या वर वाढतंय.

आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने असलं काम होतं का?

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली. ती ऐकते त्या पट्ट्यात १४२० मेगाहर्ट्झ येतो, म्हणजे नेमकी ही २१ सेंटीमीटरची लहर, त्यामुळे जवळच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजणं हे तिच्या रोजच्या कामांपैकी एक. नाशिक हायवेने जाताना लांबून त्या तबकड्या दिसतात, तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा की हे कान आहेत, आणि धूळ यांना दिसत नाही.

आयसी ३४२ च्या आत काय चाललंय?

मधोमध तारे धडाक्यात जन्माला येतायत. केंद्राजवळ वायूची एक छोटी दांडी आहे आणि तिच्यातून वायू आत ओघळत जाऊन एका कड्यासारख्या भागात साठतो, तिथे नवे तारे पेटतात. जवळ असल्यामुळे आणि आपल्याकडे तोंड असल्यामुळे रेडिओवाल्यांची ही लाडकी प्रयोगशाळा आहे, तिच्या केंद्रातल्या ढगांत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मेथॅनॉल असे रेणू सापडलेत. अमोनियाचा उपयोग तर चक्क थर्मामीटरसारखा होतो, त्याच्या लहरींवरून ढग किती गरम आहे ते कळतं. १ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ढगाला ताप आहे का हे आपण इथे बसून सांगू शकतो, मला अजून यातलं आश्चर्य संपलेलं नाही.

मध्ये मोठं कृष्णविवर आहे का?

अगदी नाभीत एक घट्ट, तरुण तारकागुच्छ आहे, सूर्याच्या साधारण ६० लाख पट वस्तुमानाचा. त्यात कृष्णविवर असलंच तर ते सूर्याच्या ५ लाख पटींपेक्षा मोठं नसावं असं १९९९ च्या मोजमापांतून निघालं. आपल्या आकाशगंगेचं ४० लाख पटींचं आहे, म्हणजे त्या मानाने हिचं फारच किरकोळ.

पण बाहूंमध्ये दोन भन्नाट गोष्टी आहेत. नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीने जानेवारी २०१३ मध्ये दाखवलेल्या फोटोत आयसी ३४२ च्या बाहूंत दोन झगझगीत ठिपके आहेत, साध्या ताऱ्याएवढ्या कृष्णविवराकडून अपेक्षित असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण सोडणारे. शेजारच्या ताऱ्याचा माल ओरबाडून खाणारी मंडळी आहेत ही.

अशा लपलेल्या दीर्घिका अजून किती आहेत?

भरपूर. आकाशगंगेच्या पट्ट्यामुळे दृश्य प्रकाशात जवळपास वीस टक्के आकाश झाकलं जातं. १८७८ मध्येच रिचर्ड प्रॉक्टर यांनी नोंदलं होतं की या पट्ट्यात तेजोमेघ दिसतच नाहीत, तेव्हा दीर्घिकांनाही तेजोमेघच म्हणायचे. तिथे त्या नव्हत्या असं नाही, दिसत नव्हत्या.

१९७७ मध्ये दक्षिण आकाशातली सर्किनस दीर्घिका प्रकाशात आली, १ कोटी ३० लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच, आणि इतकी वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या २५ मीटर रेडिओ दुर्बिणीने मॅफे जोडीच्या जवळच एक अख्खी दांडीवाली सर्पिल दीर्घिका शोधली, तिचं नाव ड्विंगेलो १. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या सर्व्हेतून या पट्ट्यामागच्या ८८३ दीर्घिकांची यादी आली, त्यातल्या साधारण एक तृतीयांश आधी कुणी बघितल्याच नव्हत्या. त्याच वर्षी रेने क्रान-कोर्टवेग आणि सहकाऱ्यांनी नौशीर्षाच्या दिशेला धुळीमागे दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह असल्याचं मांडलं.

आपली आकाशगंगा कुठल्या दिशेला का ओढली जातेय याचा हिशोब लावायचा तर हा झाकलेला भाग सोडून कसं चालेल, आणि ज्या ग्रेट अट्रॅक्टरबद्दल (आसपासच्या दीर्घिकांना आपल्याकडे ओढणारा प्रचंड वस्तुमानाचा भाग) इतकं बोललं जातं तोसुद्धा नेमका या पट्ट्याच्याच मागे आहे.

महाराष्ट्रातून दिसते का? कधी, कुठे बघायची?

दिसते, पण कष्ट आहेत. ती जिराफ तारकासमूहात आहे, म्हणजे ध्रुव, शर्मिष्ठा आणि ब्रह्महृदय यांच्या मधल्या त्या रिकाम्या वाटणाऱ्या भागात. तिची क्रांती (आकाशातलं अक्षांश म्हणा) ६८ अंश उत्तर, त्यामुळे पुण्यातून ती जास्तीत जास्त ४० अंशांवर येते, मुंबईतून तेवढीच, नागपुरातून ४३, गोव्यातून ३७-३८. उत्तरेकडे तोंड करून बघायची. २० डिसेंबरच्या आसपास रात्री सव्वादहा-साडेदहाला सगळ्यात वर असते, जानेवारीच्या मध्यात पावणेनऊच्या सुमाराला. अमावस्येच्या आसपासचा वीकेंड धरा.

जागा निवडताना एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. पुण्याची बरीच मंडळी अंधार शोधत दक्षिणेला भोरकडे जातात, मीही दोन हिवाळे तिकडेच गेलो, डोक्यावर आकाश सुंदर, मृग काय कृत्तिका काय, पण आयसी ३४२ काही दिसेना. मग ट्यूब पेटली की मी उत्तरेकडे बघतोय आणि उत्तरेला अख्खं पुणे शहर आपला उजेड वर फेकतंय! तिसऱ्या हिवाळ्यात जुन्नरच्या पुढे गेलो, शहर पाठीमागे आणि उत्तर काळोखी, आणि आठ इंची दुर्बिणीतून पहिल्याच रात्री सापडली. तेव्हा शहराच्या उत्तरेला जा, जुन्नर, अकोले, भंडारदरा हा पट्टा यासाठी चांगला.

शोधायची पद्धत अशी. आधी बायनॉक्युलरने केंबल्स कॅस्केड शोधा, वीसेक ताऱ्यांची सरळ माळ आहे, एकदा दिसली की विसरणार नाही. तिच्या टोकाला एनजीसी १५०२ हा छोटा तारकागुच्छ आहे, तिथून ध्रुवाच्या बाजूला साधारण सहा अंश सरका. दुसरा रस्ता, जिराफातला गॅमा तारा पकडा आणि ध्रुवाच्या उलट दिशेला तीनेक अंश या. सगळ्यात कमी मॅग्निफिकेशनची आयपीस लावा, जास्त वाढवलं की तिचा प्रकाश पातळ होऊन गायब होतो.

प्रत ९ लिहिलेली असते, मग दुर्बिणीतून ९ प्रतीचा तारा सहज दिसतो तशी ही का दिसत नाही?

कारण ताऱ्याचा प्रकाश एका टोकावर असतो आणि हिचा पसरलेला. चमचाभर तूप एका घासावर आणि तेच तूप अख्ख्या थाळीवर, असा फरक. आधी मधला छोटा तेजस्वी ठिपका दिसतो, मग नजर थोडी बाजूला नेऊन, दुर्बिणीला हलकीशी टिचकी मारून बघितलं की भोवती एक अगदी फिकी धुरकट चकती जाणवते. समोर आपल्याच आकाशगंगेचे भरपूर तारे शिंपडलेले असतात, ते सगळे तिच्या अलीकडचे.

आणि लाइट पोल्युशन फिल्टर विकत घेणार असाल तर थांबा, दीर्घिकांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही कारण दीर्घिकेचा प्रकाश सगळ्याच रंगांत असतो. तेच पैसे अंधाऱ्या जागी जायच्या पेट्रोलला वापरा.

कॅमेऱ्याने फोटो काढता येईल का?

डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला ती जास्त प्रसन्न होते. ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) असेल तर २०० ते ४०० मिमीची लेन्स पुरते, एकेक दोन मिनिटांचे फ्रेम घ्या आणि निदान तीन-चार तासांचे स्टॅक करा (म्हणजे एकावर एक जोडा), एका रात्रीत नाही झालं तर दोन रात्रींत. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा, लेन्सचे दोष काढायला वापरायचा फोटो) विसरू नका, इतकी फिकी वस्तू आहे की लेन्सच्या कडेचा काळेपणा आणि तिचे बाहू यांत फरक करता येत नाही. प्रोसेस करताना पार्श्वभूमी एकदम काळी करायचा मोह होतो, तो टाळा, कारण त्या भागात मागचं आकाश खरोखरच धुळीने हलकं मळलेलं आहे आणि ते दिसलं पाहिजे.

आम्ही परदेशात राहतो, तिकडून दिसेल का?

उत्तरेला असाल तर तुमची चंगळ आहे. २२ अंश उत्तर अक्षांशाच्या वर ती कधी मावळतच नाही, म्हणजे लंडन, टोरांटो, सिएटल सगळीकडून बारा महिने क्षितिजाच्या वर, आणि हिवाळ्यात जवळपास डोक्यावर. दिल्लीतूनही मावळत नाही, नागपूरचा मात्र अगदी थोडक्यात नंबर हुकतो. सिडनी, मेलबर्न, ऑकलंडवाल्यांना ती कधीच उगवत नाही. त्यांनी सर्किनस दीर्घिकेच्या मागे लागावं, ती मित्र ताऱ्याजवळ आहे, आणि आम्हाला इकडून ती जेमतेम सहा-सात अंशांवर, क्षितिजाच्या धुरळ्यात येते.

लहान मुलांना दाखवण्यासारखी आहे का?

पहिल्याच रात्री नको, आधी चंद्र, गुरू, कृत्तिका दाखवा. दहा-बारा वर्षांची असतील आणि अंधारात वीस मिनिटं टॉर्च, मोबाइल न लावता बसायची तयारी असेल तर जरूर. माझ्या भाचीला दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, मामा मध्ये काहीतरी आहे पण नजर लावली की जातं. मी तिला म्हटलं, तिच्याकडे बघू नकोस, तिच्या बाजूच्या ताऱ्याकडे बघ. मग दिसली तिला.